सीमापार संपत्ती, मृत्युकर आणि देणगीकर : जव्हार–मोखाड्याच्या सीमेच्या आधारे एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

संपत्तीचे स्वामित्व एका व्यक्तीकडून दुसरीकडे तीन प्रकारे जाते : विक्रीने, दानाने व मृत्यूने. विक्रीत मोबदला असतो. दान व वारसा ह्यांत तो नसतो. ह्या मोबदलारहित संक्रमणावर राज्यसंस्थेने जो कर घ्यावयाचा, त्याची दोन रूपे अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहेत. मृत्यूच्या निमित्ताने घेतला जाणारा तो संपदा शुल्क किंवा लोकभाषेत मृत्युकर. जिवंतपणीच्या दानावर घेतला जाणारा तो देणगीकर. दुसरा कर बहुधा पहिल्याचा राखणदार म्हणून जन्मास येतो. कारण मृत्युकर असेल आणि देणगीकर नसेल, तर मरणापूर्वी सर्व संपत्ती देऊन टाकणे हा कर चुकविण्याचा सरळ मार्ग ठरतो.

एका व्यक्तीची संपत्ती दोन राज्यांच्या हद्दींत असली म्हणजे हा विषय गुंतागुंतीचा होतो. एक राज्य म्हणते, “वस्तू आमच्या भूमीवर आहे, म्हणून कर आमचा”. दुसरे म्हणते, “व्यक्ती आमची आहे, म्हणून तिच्या सर्वत्रच्या संपत्तीवर कर आमचा”. पहिल्या दाव्याचा आधार संपत्तीचे स्थान, दुसऱ्याचा आधार व्यक्तीचा अधिवास, निवास किंवा नागरिकत्व. हे दोन्ही दावे एकाच वस्तूवर येऊन पडले की दुहेरी कराचा प्रश्न उद्भवतो; आणि दोघांपैकी कोणीच दावा सांगितला नाही, तर संपत्ती करमुक्त राहते.

ह्या तत्त्वांची परीक्षा पाहण्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन शेजारी तालुके विशेष उपयुक्त आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. आज त्यांच्यामधील सीमा ही केवळ महसुली सोय आहे. परंतु १९४८ पूर्वी तीच सीमा दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल, आणि चोहोबाजूंनी ठाणे जिल्ह्याने वेढलेले. मोखाडा हा इंग्रजी मुलुखातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. डोंगर, नद्या व माणसे जागच्या जागी राहिली. बदलली ती फक्त कायद्याची रेषा. त्यामुळे सीमापार संपत्ती ह्या संज्ञेत सीमेचा अर्थ नेमका काय, हे येथे स्वच्छ दिसते.

२. संस्थानी काळ : नजराणा आणि वारसा दाखला

मृत्युकर ही १९५३ साली भारतात अकस्मात अवतरलेली कल्पना नव्हे. तिचा एक पूर्वज नजराणा हा होय. वतनदाराच्या किंवा मांडलिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाने वरिष्ठ सत्तेकडून वारशाला मान्यता घ्यावयाची व त्या मान्यतेसाठी रक्कम भरावयाची, ही रीत मराठेशाहीत होती आणि इंग्रजी अंमलातही चालू राहिली. दत्तक वारस असला किंवा वारसा आडशाखेकडे जात असला, तर ह्या मान्यतेचे महत्त्व अधिक. तात्त्विक दृष्टीने पाहता हा मृत्यूच्या निमित्ताने सीमेपलीकडील सत्तेस दिलेला करच होता. मात्र त्याचा आधार संपत्तीचे मूल्य नसून राजकीय अधीनता हा होता. १९११ च्या दिल्ली दरबारात ज्या सवलती जाहीर झाल्या, त्यांत संस्थानिकांना गादीवर येताना द्यावा लागणारा नजराणा यापुढे माफ, अशी एक सवलत होती.

राजघराण्याचा प्रश्न असा सुटला तरी सामान्य सधन प्रजाजनांचा प्रश्न निराळा होता. इंग्रजी हिंदुस्थानात मृत्युकर नव्हता. १९२४–२५ च्या करचौकशी समितीने त्याचा विचार केला होता, पण कायदा झाला नाही. तथापि मृत्यूनंतर इंग्रजी मुलुखातील येणी व रोखे वसूल करावयाचे तर न्यायालयाचा वारसा दाखला लागे, आणि मुंबई शहरातील स्थावराबाबत मृत्युपत्र असल्यास प्रोबेट लागे. ह्या दोहोंवर १८७० च्या कायद्यानुसार संपत्तीच्या मूल्याच्या प्रमाणात न्यायशुल्क द्यावे लागत असे. नाव शुल्काचे असले तरी मूल्यानुसार आकारणी, मृत्यूचे निमित्त आणि वारसाने भरणा ही मृत्युकराची तीनही लक्षणे त्यात होती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात परराज्यातील रहिवाशासाठी एक विशेष तरतूद आहे. त्या राज्यातील भारत सरकारच्या प्रतिनिधीने दिलेला दाखला, त्यावर योग्य न्यायशुल्काचा मुद्रांक लावल्यास, अलीकडेही चालतो. ह्या तरतुदीचा मथितार्थ असा की, परराज्याचा कागद मान्य, पण शुल्क आपले.

प्राप्तिकरातही ही अंतर्गत सीमा दिसत असे. १९२२ च्या कायद्याप्रमाणे संस्थानात उद्भवलेले उत्पन्न इंग्रजी मुलुखात आणले नाही तोवर त्यावर तेथील कर बसत नसे. म्हणजे जव्हारहून मोखाड्यास जाणाऱ्या रस्त्यावरील नाका हा जकातीपुरता नव्हता. करशास्त्राच्या दृष्टीने तो दोन देशांमधील नाका होता.

३. विलीनीकरण आणि १९५३ चा कायदा

१९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. यशवंतराव मुकणे हे तेथील शेवटचे सत्ताधीश. विलीनीकरणाच्या वेळी सर्वच संस्थानांत एक मूलभूत प्रश्न सोडवावा लागला : कोणती मालमत्ता राज्याची व कोणती संस्थानिकाची खाजगी? ह्यासाठी खाजगी मालमत्तेच्या याद्या करण्यात आल्या. करशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा टप्पा नजरेआड करता कामा नये. मृत्यूनंतर काय संक्रमित झाले हे ठरल्यावाचून त्यावर कर किती हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि काय संक्रमित झाले हे कर कायदा ठरवीत नाही, तर खाजगी कायदा ठरवितो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या करारानुसार एकाच वारसाकडे जाणारी संपदा आपल्या कक्षेबाहेर ठेवली, हे ह्याच तत्त्वाचे उदाहरण होय. त्याच कायद्याने अनुसूचित जमातींनाही, केंद्र सरकारची वेगळी अधिसूचना नसेल तर, आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. आदिवासी बहुसंख्य असलेल्या जव्हार–मोखाड्यात म्हणून वारसा प्रथमतः रूढीने ठरतो, मग महसुली नोंदीत येतो.

संपदा शुल्क कायदा १९५३ साली संसदेने संमत केला व १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अमलात आला. त्या वेळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. आरंभी मिताक्षरा एकत्र कुटुंबातील हिश्श्यास ५०,००० रुपयांपर्यंत व इतर संपत्तीस १,००,००० रुपयांपर्यंत सूट होती. पुढे कमाल दर शेकडा ८५ पर्यंत चढला. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत केलेले दान मृत्यूच्या वेळी संक्रमित झालेल्या संपत्तीत धरले जाई. शुल्क केंद्राने आकारावयाचे, पण त्याचे निव्वळ उत्पन्न घटनेच्या तत्कालीन २६९ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांना द्यावयाचे, अशी योजना होती. शेतजमिनीवरील संपदा शुल्क हा घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला विषय. म्हणून राज्य विधिमंडळांनी ठराव केल्यावरच केंद्राचा कायदा त्या त्या राज्यातील शेतजमिनीस लागू होई. मुंबई राज्याने हा कायदा स्वीकारला होता.

सीमापार संपत्तीविषयीचा नियम कायद्याच्या २१ व्या कलमात होता. स्थावर मालमत्ता भारताबाहेर असेल, तर ती वगळावयाची. जंगम मालमत्ता भारताबाहेर असेल, तर तीही वगळावयाची. मात्र मृत व्यक्तीचा अधिवास भारतात असेल, तर ती धरावयाची. स्थावर भूमीला चिकटते, जंगम व्यक्तीच्या मागे जाते, हे आंतरराष्ट्रीय खाजगी कायद्याचे जुने तत्त्व येथे कराच्या भाषेत आले आहे.

४. एकच संपदा, चार तारखा

ह्या नियमांची कार्यपद्धती एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. जव्हार येथील एका सधन व्यापाऱ्याची मालमत्ता अशी समजावी : जव्हारमधील राहता वाडा, मोखाड्यातील भातजमीन, मुंबई शहरातील एक घर, उत्तरेस थोड्या अंतरावरील सिल्वासा येथे एक दुकान, आणि लंडनमधील कंपनीचे भाग. मृत्युपत्र एकच, वारस तेच. फक्त मृत्यूचे वर्ष बदलावयाचे.

मृत्यू १९४६ साली झाला असे धरल्यास, जव्हारचा वाडा संस्थानच्या कायद्याखाली. मोखाड्याची जमीन व मुंबईचे घर ही दोन्ही इंग्रजी मुलुखात. पैकी मुंबईच्या घरासाठी प्रोबेट व मूल्यानुसार न्यायशुल्क. मोखाड्याच्या जमिनीस प्रोबेटची अट नाही. वारसाची नोंद महसुली दप्तरात होऊन काम भागते. सिल्वाशाचे दुकान पोर्तुगीज सत्तेच्या कक्षेत. लंडनच्या भागांवर ब्रिटनचा १८९४ पासूनचा मृत्युकर, कारण ते भाग तेथील नोंदवहीत आहेत. एका कुटुंबाच्या पाच वस्तू, चार सार्वभौम व्यवस्था.

मृत्यू १९५६ साली झाला असे धरल्यास चित्र पालटते. वाडा, जमीन व घर ही तिन्ही एकाच कायद्याखाली येतात. जव्हार–मोखाडा ही सीमा करापुरती नाहीशी झालेली असते. सिल्वाशाची स्थिती मात्र चमत्कारिक. दादरा व नगर हवेली १९५४ च्या जुलै–ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाली, परंतु भारतात तिचा घटनात्मक समावेश ११ ऑगस्ट १९६१ रोजी झाला. मधल्या सात वर्षांत तेथील दुकान भारतीय कायद्याच्या दृष्टीने राज्यक्षेत्राबाहेरील स्थावर ठरते आणि संपदा शुल्कातून सुटते. लंडनचे भाग जंगम आहेत व मृताचा अधिवास भारतात आहे, म्हणून त्यांवर भारताचा दावा; वस्तू ब्रिटनमध्ये आहे, म्हणून त्या देशाचाही दावा. हा दुहेरी बोजा दूर करण्यासाठी १९५६ साली भारत व ब्रिटन ह्यांच्यात मृत्युकरासंबंधी करार झाला. त्याचे सूत्र सोपे आहे. जेथे वस्तू आहे त्या देशाने आधी कर घ्यावा. जेथे व्यक्तीचा अधिवास आहे त्या देशाने आपल्या करातून तेवढी वजावट द्यावी. शिवाय भारतात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या ब्रिटनबाहेरील संपत्तीस ब्रिटनने सामान्यतः हात लावू नये.

मृत्यू १९७२ साली झाला असे धरल्यास सिल्वासाही भारतातच मोडते. पूर्वी सुटलेले दुकान आता शुल्कास पात्र. दुकानाने जागा सोडली नाही, मालकाने अधिवास बदलला नाही. तरी ते परदेशातून स्वदेशात आले.

मृत्यू १६ मार्च १९८५ नंतर झाला असेल, तर भारतातील संपदा शुल्क कशावरच नाही. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह ह्यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हे शुल्क रद्द केले. विषमता कमी करणे व राज्यांना विकासासाठी निधी मिळवून देणे हे दोन्ही उद्देश त्यातून साधले नाहीत आणि वसुलीचा व्याप मात्र मोठा, असे कारण देण्यात आले. परंतु लंडनच्या भागांवरील ब्रिटनचा दावा तसाच उभा राहिला. भारताने आपला कर सोडला म्हणून सीमापार कराचा प्रश्न सुटला नाही. त्याची एकच बाजू उरली.

५. देणगीकर : दुसरी कसोटी

देणगीकराची कल्पना निकोलस काल्डोर ह्यांच्या १९५६ च्या अहवालातून पुढे आली. १९५८ चा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला. त्यात हा कर प्रथम सुचविण्यात आला. १९५८ च्या कायद्याने वर्षातील १०,००० रुपयांवरील देणग्या करपात्र केल्या आणि कर देणाऱ्यावर बसविला, घेणाऱ्यावर नव्हे. भूदान व संपत्तिदान चळवळींना दिलेल्या देणग्या वगळल्या होत्या.

सीमापार संपत्तीबाबत ह्या कायद्याची कसोटी संपदा शुल्काहून वेगळी होती. भारताबाहेरील स्थावराचे दान दोन्हींच्या दृष्टीने सारखेच, म्हणजे करमुक्त. भारताबाहेरील जंगमाच्या दानासाठी मात्र दाता भारताचा नागरिक असून भारतात सामान्यतः निवासी असला पाहिजे, अशी दुहेरी अट होती. एक कायदा अधिवास विचारतो, दुसरा नागरिकत्व व निवास. ह्यातून असे घडू शकत असे की, मनाने व कायद्याने भारतातच अधिवास राखून असलेल्या, परंतु दीर्घकाळ नैरोबी किंवा लंडन येथे राहणाऱ्या गृहस्थाने लंडनची ठेव जिवंतपणी मुलास दिली, तर देणगीकर नाही. तीच ठेव मागे ठेवून तो मरण पावला, तर संपदा शुल्क आहे. दोन कर परस्परांचे राखणदार असावेत ही अपेक्षा सीमेवर येऊन अपुरी पडली, ती अशी.

१ ऑक्टोबर १९९८ पासून होणाऱ्या देणग्यांवरील हा करही संपुष्टात आला. पण तत्त्व निराळ्या वेषाने परत आले. १ सप्टेंबर २००४ पासून नात्याबाहेरील व्यक्तीकडून मिळालेली ठरावीक मर्यादेवरील रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न मानली जाऊ लागली. पुढे ही मर्यादा वर्षास ५०,००० रुपये झाली व मालमत्तेच्या देणग्याही तीत आल्या. जवळच्या नातलगांची देणगी, विवाहातील आहेर, मृत्युपत्र व वारसा ह्यांना सूट आहे. ५ जुलै २०१९ पासून निवासी व्यक्तीने नात्याबाहेरील अनिवासी व्यक्तीस दिलेल्या पैशासही भारतात उद्भवलेले उत्पन्न मानण्यात येते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या कायद्याने घेतली, तरी घेणाऱ्यावर कर हे तत्त्व कायम आहे. म्हणजे देणगीकर गेला, पण देणगीवरील कर राहिला. भार फक्त दात्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर गेला.

६. वर्तमान स्थिती : दान की वारसा?

आज जव्हार–मोखाड्यातील एखाद्या कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत नोकरी करीत आहे आणि वडील गावी आहेत, अशी स्थिती घेतली तर सीमापार संपत्तीचा प्रश्न दोन दिशांनी उभा राहतो. कुटुंबाची मुख्य मालमत्ता शेतजमीन. आणि अलीकडे वडिलांच्या नावे, भारतातील मध्यस्थांमार्फत घेतलेले, अमेरिकन कंपन्यांचे भाग.

शेतजमिनीपासून आरंभ करणे योग्य. ती देण्यावर आज संपदा शुल्क नाही आणि मुलास दिली असता देणगीवरील करही नाही. तरीही जिवंतपणी बक्षीसपत्राने ती अनिवासी मुलास देता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापनाच्या २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीय नातलगाकडून शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा सोडून इतर स्थावर बक्षीस म्हणून घेऊ शकतो. शेतजमीन मात्र तो वारशानेच मिळवू शकतो. जे जिवंतपणी देता येत नाही ते मरणानंतर आपोआप पोहोचते. ह्याखेरीज राज्याचे कायदे आहेतच. कुळकायद्याचे ६३ वे कलम शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन देण्यास, मग ती विक्रीने असो वा दानाने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मनाई करते. जमीन महसूल संहितेत १९७४ साली घातलेले ३६-अ हे कलम आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर, दानाच्या मार्गानेसुद्धा, निर्बंध घालते. ही कलमे कराची नाहीत. परंतु कराने जी सीमा काढून टाकली, ती येथे संरक्षणाच्या हेतूने पुन्हा आखलेली आहे. सावकार व दलाल ह्यांच्या हाती आदिवासींच्या जमिनी जाण्याचा ह्या डोंगराळ भागातील इतिहास लक्षात घेता, हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आता अमेरिकन भागांकडे वळावे. भारतीय कर येथेही नाही. परंतु अमेरिकेचा संघीय मृत्युकर अमेरिकन कंपनीचे भाग अमेरिकेतील संपत्ती मानतो, मग कागद कोठेही असोत आणि मालक कधीही अमेरिकेस गेलेला नसो. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व तेथे अधिवास नसलेल्या व्यक्तीस सूट केवळ ६०,००० डॉलरची. वरच्या रकमेवर दर शेकडा ४० पर्यंत चढतात. उलट अमेरिकन नागरिकास वा अधिवासीस २०२६ साली दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. भारत व अमेरिका ह्यांच्यात मृत्युकरासंबंधी करार नाही. मौजेची गोष्ट अशी की, हाच अनिवासी परकीय मालक जिवंतपणी तेच भाग मुलास देईल, तर अमेरिकेचा देणगीकर लागत नाही. कारण परकीयाने दिलेल्या अमूर्त संपत्तीस तो कर लागू नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने एक लाख डॉलरपेक्षा अधिक रकमेची परदेशी देणगी किंवा वारसा मिळाल्यास त्याची माहिती तेथील करखात्यास द्यावयाची असते; ते करभरण नव्हे, पण न दिल्यास दंड आहे.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोखाड्याच्या जमिनीबाबत दान बंद व वारसा खुला. अमेरिकन भागांबाबत दान मोकळे व वारसा महाग. एकाच वडिलांनी, एकाच मुलासाठी, एकाच दिवशी केलेला विचार दोन वस्तूंबाबत उलट दिशांना जातो. “हयातीतच सर्व वाटून टाकावे” किंवा “सर्व मृत्युपत्रावर सोडावे” ही दोन्ही लोकप्रचलित सूत्रे म्हणून सीमापार संपत्तीस लावता येत नाहीत.

ब्रिटनची स्थिती तिसरीच आहे. तेथे वारसा कराचा दर शेकडा ४० व साधारण सूट ३,२५,००० पौंड. ६ एप्रिल २०२५ पासून अधिवासाची जुनी कसोटी जाऊन दीर्घकालीन निवासाची कसोटी आली आहे. गेल्या वीस करवर्षांपैकी दहा वर्षे तेथे निवास असणाऱ्याच्या जगभरच्या संपत्तीवर ब्रिटन दावा सांगते. १९५६ चा भारताशी झालेला करार मात्र ब्रिटनने अद्याप राखला आहे. तो मृत्यूपुरता आहे, जिवंतपणीच्या दानास लागू नाही. जो करार दोन कर एकाच वस्तूवर पडू नयेत म्हणून केला, त्याचा परिणाम भारताने आपला कर रद्द केल्यानंतर काही प्रसंगी असा होतो की, भारतातील संपत्तीवर दोहोंपैकी कोणताच कर पडत नाही. करार जुना राहिला, त्याखालची जमीन बदलली.

अंतर्गत सीमांचा प्रश्नही संपलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतील वारसा कायदा आहे; त्यानुसार मृत्युपत्राने सर्व संपत्ती हवी त्यास देता येत नाही, ठरावीक वाटा वारसांसाठी राखावा लागतो. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या मुंबईतील स्थावराचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा २०१९ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा व्यक्तीच्या भारतातील सर्व संपत्तीस, ती गोव्याबाहेर असली तरी, गोव्याचाच वारसा कायदा लागू. स्थावर भूमीच्या कायद्यास बांधलेले असते ह्या तत्त्वास देशांतर्गत अशी मुरड पडू शकते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

७. निष्कर्ष

जव्हार–मोखाड्याच्या उदाहरणावरून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, सीमा ही एक रेषा नसून जितके कायदे तितक्या रेषा असतात. प्राप्तिकराची, संपदा शुल्काची, परकीय चलनाची, शेतजमिनीची व वारशाची सीमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाही. दुसरी, अभ्यासाचा क्रम ठरलेला असावा : प्रथम काय संक्रमित झाले, मग वस्तू कोठे आहे, मग व्यक्ती कोणाची आहे, आणि अखेर हे सर्व कोणत्या तारखेस. ह्यांपैकी तारखेचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित व बहुधा सर्वांत निर्णायक असतो. सिल्वाशाच्या दुकानाचे उदाहरण त्याची साक्ष आहे.

तिसरी गोष्ट अर्थनीतीची आहे. एका देशाने मृत्युकर रद्द केला म्हणजे सीमापार संपत्ती करमुक्त होत नाही. जेथे वस्तू आहे त्या देशाचा दावा शाबूत राहतो, आणि वजावट देण्याघेण्याचा व्यवहारच उरत नाही. भारतीय निवासी व्यक्तीच्या परदेशातील भागांवर तिच्या मृत्यूनंतर जो कर पडतो, तो आज संपूर्णपणे त्या परदेशाच्या तिजोरीत जातो. भारतात संपदा शुल्क असते, तर स्थानाच्या देशास प्रथम मान देऊनही उरलेला वाटा भारताकडे आला असता आणि मूळ योजनेप्रमाणे राज्यांकडे गेला असता. ते शुल्क पुन्हा आणावे की नाही, ह्याविषयी मतभेदास पुष्कळ जागा आहे. १९८५ साली सांगितलेली वसुलीच्या व्यापाची अडचण काल्पनिक नव्हती. परंतु रद्द करण्याची किंमत केवळ गमावलेल्या देशांतर्गत उत्पन्नात मोजणे अपुरे आहे. जव्हार–मोखाड्यातील बहुसंख्य कुटुंबांवर हा कर कधी बसला नाही व बसलाही नसता. १९९२–९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सर्व महाराष्ट्रास हादरवून सोडले, त्या प्रदेशाचा ह्या कराशी संबंध करदाता म्हणून नव्हे, तर राज्याच्या तिजोरीतून येणाऱ्या खर्चाचा धनी म्हणून होता. संक्रमणावरील कर कोणत्या देशाने सोडला आणि कोणत्या देशाने घेतला, ह्या हिशेबात म्हणून संपत्तीच्या वारसांबरोबर ह्या दुसऱ्या पक्षाचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते.